भुऱ्याच्या औषधाचं बिल

१२ जानेवारी १९७८, गुरुवार

आज ऑफिसात आणखी एक मोतीबिंदू आला. गोडाऊनच्या नानाजींच्या आईचा. दिवाळीपासूनचा हा अकरावा. दरवेळी कोणाच्या तरी आईचाच. मेडिकल बिलं तपासायचं टेबल माझ्याकडे येऊन सतरा वर्षं झाली, आणि या सतरा वर्षांत माझ्या हाताखालून एक खोटी गोळी गेली नाही. लोक मला मागे 'ऑब्जेक्शन भोयर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

जेवताना घरी सांगितलं, "अकरावी माय आली बरं का मोतीबिंदूवाली. आता बारावी कोणाची येते ते पाहू." प्रेमिला हसली नाही. आई ताटात भाजी कुठे वाढली ते हातानं चाचपत होती, तीही हसली नाही. आमच्या घरात विनोदाची कदर नाही.

दुसरी गोष्ट किरकोळ आहे, पण लिहून ठेवतो. कुत्रा दोन दिवस जेवला नाही. हा कुत्रा माझा नाही, हे आधीच नमूद करतो. दीड वर्षापूर्वी बाबा गेले आणि आई पारशिवनीचं घर बंद करून इकडे सक्करदऱ्याला आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्याच महिन्यात नालीत कुईकुई करणारं पिल्लू पदराखाली घालून घेऊन आली. रंग डांबराचा. नाव ठेवलं भुऱ्या! भुरा म्हणजे मातकट तांबूस, हे पारशिवनीच्या माणसाला मी सांगायला पाहिजे काय? पहिल्याच दिवशी म्हटलं, "आई, कुत्रा काळा आहे." म्हणाली, "मले रंग शिकवतं काय गा?" तेव्हापासून सारी गल्ली हसते. पण हट्ट म्हणजे हट्ट.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. तीळगूळ चांगला झाला होता, पण तांदळात खडे होते. दाताखाली दोन आले. प्रेमिलेला विचारलं तर म्हणते, तांदूळ आईंनी निवडले. आईचं लक्षच नाही. सारखी त्या कुत्र्यापाशी बसून असते.

कुत्रा पाणीही पीत नाही आता. मी तीळगुळाचा लाडू त्याच्या नाकाशी धरला. नुसता पाहत राहिला माझ्याकडे. मी काही त्याच्यासाठी धरला नव्हता, हातात होता म्हणून धरला.

सायंकाळी प्रेमिला म्हणाली, "अहो, आईंबद्दल जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, कुत्र्याला दवाखान्यात न्या असंच ना? सोमवारी नेतो, पण आता डोकं खाऊ नको. ती दिवा लावायला आत गेली. बायकांना एकदा नेमकं उत्तर दिलं की विषय मिटतो.

१६ जानेवारी, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं 'घरगुती अडचण'. खोटं नाही.

सायकल रिक्षात मी, आई आणि मांडीवर कुत्रा. मांडी माझी. आईला म्हटलं तू घे, तर म्हणाली, "मले उतरता-चढता धरा लागते, तूच घे." जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ही रांग. बैल, म्हशी, शेळ्या, त्यात आमचं हे काळं ध्यान. खिडकीवर पाटी होती: 'गाय, बैल, म्हैस, शेळी — पंचवीस पैसे. कुत्रा, मांजर व इतर शौकाची जनावरे — दोन रुपये.'

मी खिडकीतल्या बाबूला म्हटलं, "हा शौकाचा नाही. आईचा आहे."

"आई शेती करते काय?"

"करत होती."

"मग बैल घेऊन या," बाबू म्हणाला आणि दोन रुपयांची पावती फाडली.

रांगेत खापा गावचे एक दादाजी बैल घेऊन उभे होते. त्यांनी न विचारता भुऱ्याचा ओठ वर केला. "हिरड्या पाहा, पांढऱ्याफट पडल्या. गोचीड ताप हाये हा. कानात पाह्यले काय गोचीड?" मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. तासाभरानं डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त ते सांगायचे दोन रुपये आधीच गेले होते. दादाजींनी फुकट सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी झालंय. दवाखान्यात बैलाचं औषध आहे, कुत्र्याचं नाही. माणसांच्या मेडिकलमधून आणा, माणसांचंच देतात. चिठ्ठी हातात घेतली तर तिच्यावर तारीख नाही आणि सही कोंबडीनं केल्यासारखी. सवयीनं मी परत केली, "तारीख घाला, सही वाचता आली पाहिजे." डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले, पण घातली बिचाऱ्यांनी.

१७ जानेवारी, मंगळवार

चौकातल्या शालिकरामच्या मेडिकलमध्ये गेलो. गिऱ्हाईक म्हणून कमी आणि बिलं तपासणारा म्हणून जास्त, असे त्याचे-माझे संबंध आहेत.

"पेशंटचं नाव?"

"भुऱ्या."

"पूरं नाव सांगा ना साहेब, बिलावर लिहा लागते."

विचार न करता मी बोलून गेलो, "भुऱ्या मनोहरराव भोयर."

"वय?"

"दीड वर्ष."

शालिकरामनं पेन खाली ठेवला. "दीड वर्षाच्या पोराले एवढ्या कॅप्सूल? अहो, कोन्या डॉक्टरनं दिल्या? मरन ना ते लेकरू!" मग कुत्रा आहे हे सांगावं लागलं. दुकानात तीन बायका होत्या. तिघीही हसल्या.

औषध रोजचं चार रुपये ऐंशी पैसे. कॅप्सूल वेगळ्या, लोहाचं औषध वेगळं, लिव्हरचं टॉनिक वेगळं. आणि दहा दिवस! माझं ऑफिसातलं जेवण एक रुपयात होतं. मी तीन दिवसांचं घेतलं आणि म्हटलं, पाहू गुण येतो काय. मेडिकलवाले असेच लुबाडतात, हे मी सतरा वर्षं कागदावर पाहत आलोय.

शालिकराम पैसे मोजताना हळूच म्हणाला, "आईच्या नावानं बिल फाडू काय? सगळेच ऑफिसवाले नेतात. पैसे तं सुटतीन."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभ चावली.

१८ जानेवारी, बुधवार

उरलेल्या सात दिवसांचं औषध घेऊन आलो. तीन दिवसांनी पुन्हा सायकल काढायची, त्यापेक्षा एकदाच आणलेलं बरं. बाकी काही कारण नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

कॅप्सूल देण्याचे प्रयोग: भाकरीत घालून, थुंकली. लोण्यात घालून, लोणी चाटलं, कॅप्सूल थुंकली. पेढ्यात घालून, पेढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी आई आली. डोळे मिटल्यासारखे करून बोटांनी त्याचा जबडा शोधला, जिभेच्या मुळाशी कॅप्सूल ठेवली, गळा चोळला. गिळली! मला सतरा वर्षांत एवढं कौतुक कुठल्या डॉक्टरचं वाटलं नव्हतं.

पण ताप उतरत नाही. आणि आईचंही काहीतरी बिनसलंय. रोज पहाटे भुऱ्याच्या गळ्यातली सुतळी धरून मारुतीच्या देवळात जायची, ते बंद केलं. म्हटलं, देवानं काय केलं तुझं? म्हणाली, "एकटी कशी जाऊ?" देऊळ तीनशे पावलांवर आहे! काल माझ्या सायकलीवर आपटली आणि वर मलाच बोलली की सायकल रस्त्यात काहून ठेवली. सायकल अकरा वर्षं त्याच भिंतीला आहे.

दुपारी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हा गेला तं माये हातपाय गेले समज, मनोहर."

मी म्हटलं, आई, जरा अति होतंय. आणि कॅप्सूल किती उरल्या ते पुन्हा मोजलं.

२३ जानेवारी, सोमवार

डॉक्टर आज म्हणाले, नुसत्या कॅप्सूलनं भागणार नाही. पाच इंजेक्शनं पाहिजेत, नाहीतर आठवडाभर काढेल की नाही सांगता येत नाही. इंजेक्शनांचे सत्तेचाळीस रुपये. दोन रुपयेवाल्या पावत्या वेगळ्या, रिक्षा वेगळी. महिना संपायचा आहे आणि पगाराचं पाकीट रिकामं आहे.

प्रेमिलेनं न विचारता तिचे साठवलेले वीस रुपये आणून ठेवले. म्हटलं, तुला एवढा पुळका कुत्र्याचा? म्हणाली, "कुत्र्याचा नाही हो." मग कोणाचा, ते सांगितलं नाही.

शालिकरामकडे गेलो. बाकीचे त्यानं उधार दिले. इंजेक्शनं बांधली, पेन उचलला आणि नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी दुकानाच्या छताकडे पाहत म्हणालो, "बायजाबाई भोयर. वय बहात्तर. मागच्या औषधाचंही त्यातच धरा."

लिहायला नको वाटतंय. पण लिहितो. आज मीही त्यांच्यातला झालो.

२४ जानेवारी, मंगळवार

बिलाला माणसांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. असे दाखले कुठे मिळतात हे ऑफिसात चंपतरावला विचारावं लागलं. कोणाला विचारतोय हे जाणवत होतं. गेल्या साली याच चंपतरावच्या आईचं मोतीबिंदूचं बिल मी तीनदा परत पाठवलं होतं. 'मोतीबिंदू एका डोळ्याचा की दोन्ही? खुलासा करावा,' असा शेरा मारून.

मला वाटलं हसेल. हसला नाही. "आजी लय बिमार आहेत काय?" म्हणाला. मी मान हलवली. मान हलवणं हे लेखी खोटं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

संध्याकाळपर्यंत दाखला हातात आणि बातमी साऱ्या ऑफिसात.

२९ जानेवारी, रविवार

आजारी माणसाला भेटायला जायची जी आपल्याकडे रीत आहे, तिचा मी विचारच केला नव्हता. ऑब्जेक्शन भोयरची आई अंथरुणाला खिळली म्हटल्यावर कोण घरी राहील? दहा वाजता नानाजी येऊन सांगून गेले, अकरा वाजता साहेब येतायत. आई तेव्हा अंगणात बसून मेथी तोडत होती.

"आई, झोप. तू बिमार आहेस."

"मले काई झालं नाई."

"कागदावर झालंय." सगळं सांगितलं. मला वाटलं भडकेल. तिनं विचारलं, "इंजेक्शनं भेटली ना पन भुऱ्याले?" भेटली म्हटलं. "मंग झोपतो. तुयासाठी नाई हं, त्याच्यासाठी." आणि गोधडी ओढून पडली. भुऱ्या तिच्या बाजेखाली.

साहेब आले, चंपतराव आला, हिशोब शाखेच्या शोभाताई आल्या, आणखी चौघं. प्रत्येकाच्या पिशवीत संत्री. दुपारपर्यंत सात डझन झाली. साहेबांनी विचारलं, "काय होत होतं आजी?"

आता आईला खोटं कधी जमलं नाही. तिला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं. "हिरड्या पांढऱ्याफट पडल्या व्हत्या साहेब. खानं सोडलं व्हतं. अन् गोचीड! कानात लय व्हते, ह्या मनोहरनं चिमट्यानं काढले."

साहेबांनी खुर्ची जरा मागे घेतली. शोभाताईंनी पदर तोंडाशी नेला. मी घाईनं म्हटलं, "खेड्याकडे अशक्तपणाला असंच म्हणतात." प्रेमिला स्वयंपाकघरात पळाली, तिथून भांडं पडल्याचा आवाज आला. आईला मात्र आता रंग चढला होता. म्हणे, "मी थुकून देत व्हतो गोळ्या, मंग गया चोयला का गिळत व्हतो." साहेब म्हणाले, भोयर, आईची सेवा करावी तर तुमच्यासारखी. मला बाजेखाली भुऱ्याशेजारी जाऊन पडावंसं वाटलं.

एक गोष्ट खटकली. चंपतरावनं संत्रं सोलून एक फोड आईसमोर धरली. ती घेईचना. तो धरून उभा, ही दुसरीकडेच पाहत बोलतेय. शेवटी त्यानं तिचा हात धरून तळव्यावर ठेवली. आईला माणसांशी वागायची रीत राहिली नाही. जाताना चंपतराव दारात मला म्हणाला, "मनोहरराव, आजीचे डोळे दाखवून घ्या एकदा."

टोमणा! त्याच्या आईच्या मोतीबिंदूचा सूड उगवला गड्यानं. मी म्हटलं, "या तुम्ही."

३१ जानेवारी, मंगळवार

आज ते बिल माझ्या टेबलावर आलं. दुसरीकडे कुठे जाणार होतं? मेडिकलची सगळी बिलं तपासायला माझ्याकडेच येतात.

लाल पेन्सिल घेऊन बसलो. अर्जदार: म. ना. भोयर. तपासणार: म. ना. भोयर. वाचलं. दाखला बरोबर, पावत्या बरोबर, तारखा बरोबर. दुसऱ्या कोणाला यात चूक सापडली नसती. इतकं चोख खोटं बिल मी आजवर पाहिलं नव्हतं. चहा आला, थंड झाला. नानाजी येऊन गेले, त्यांच्या आईच्या बिलाचं काय झालं म्हणून. त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना.

मग शेरा लिहिला: 'सदर औषधे सदर रुग्णाने घेतलेली नाहीत. बिल नामंजूर. अर्जदारास समज द्यावी.' खाली सही केली. मग कागद फिरवला आणि अर्जदार म्हणून 'समज मिळाली' अशी पोच दिली.

साहेबांकडे जाऊन उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ टेबलाकडे पाहत होते, खांदे हलत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे गोचीड खरे होते?" दुपारी सारं ऑफिस हसत होतं. चंपतराव तेवढा हसला नाही. जवळ येऊन म्हणाला, "टोमणा नव्हता तो. मायी माय बी तशीच हात पुढं करत नसे." मी समोरची फाईल उघडली. दिवसभराची पुरेशी नाचक्की झाली होती.

आता ते पैसे माझ्याच अंगावर. पण घरी आलो तर भुऱ्या दाराशी आला होता. स्वतःच्या चार पायांवर. मी तिथेच पायरीवर बसलो आणि त्याला जवळ घेतलं. ऑफिसचा सदरा होता अंगावर. असू दे.

५ फेब्रुवारी, रविवार

भुऱ्या भाकरी मागून खातो. आई आज पहाटे पुन्हा सुतळी बांधून देवळात निघाली. डॉक्टरांनी त्याला फार चालवू नका असं बजावलंय, म्हणून मी मागून निघालो. हे मी दीड वर्षात पहिल्यांदा पाहत होतो.

कोपऱ्यावरच्या नालीपाशी भुऱ्या थांबला. आई थांबली. त्यानं पुढचे पाय पलीकडे टाकले, सुतळी ताणली गेली, तेव्हा आईनं मोठं पाऊल टाकलं. खडीच्या ढिगाला वळसा घातला. समोरून सायकल आली तर तो आईच्या पायांना अंग लावून उभा राहिला आणि सायकल गेली तसा निघाला. मी दुसऱ्या गल्लीनं जाऊन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलो. काहून, ते मला तेव्हाही कळलं होतं आणि कळू नये असंही वाटत होतं.

आई माझ्यापासून दोन हातांवर आली. उजेड चांगला पडला होता. मी बोललो नाही. भुऱ्यानं शेपटी हलवली, माझा पाय हुंगला. आई माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "सरक ना गा भाऊ. रस्त्यात कोन उभं हाये?"

मी सरकलो.

देवळाच्या पायरीवर तिला गाठलं. "आई, मी हाये. मनोहर."

"इतक्या सक्काळी काहून आला?"

"तुले दिसत नाई काय वं आई?"

ती सुतळी बोटाला गुंडाळत बसली. "उजेड दिसते. मानूस आला का सावली हालते."

"कधीपासून?"

"तुया बापाच्या बिमारीतच कमी झालं व्हतं. मंग झालं हळूहळू."

"मले काहून नाई सांगतलं?" मी ओरडलोच. पुजारी आतून डोकावला.

"कसं सांगू? रोज जेवताना तूच सांगत व्हता. इतक्या मायांचे मोतीबिंदू आले, सगळे खोटे. मी म्हटलं, लेकाच्या टेबलावर मी बारावी कशाले होऊ?"

मी रडलो. देवळाच्या पायरीवर, चाळिशी उलटलेला माणूस. लिहायला लाज वाटत नाही. तिनं चाचपून माझं डोकं शोधलं. "उगी," म्हणाली. "भुऱ्या हाये ना. मले काई नडलं नाई."

घरी येऊन प्रेमिलेवर डाफरलो, तुला माहीत होतं? म्हणाली, "तीनदा बोलायला आले. प्रत्येक वेळी तुम्ही उत्तर आधीच दिलं." यावर माझ्याकडे ऑब्जेक्शन नव्हतं.

८ फेब्रुवारी, बुधवार

काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत, उजव्याचा आधी काढू म्हणाले.

आज ऑफिसात कपाटातून जुन्या फायली उतरवल्या. चंपतरावच्या आईचं बिल काढलं. माझाच तीनदा लाल शेरा. खाली लिहिलं, 'मंजूर. विलंब तपासणाऱ्याच्या चुकीमुळे.' नानाजींचंही केलं. बाकीची परत पाठवलेली बिलं पुन्हा वाचतोय. दोन खरोखर खोटी आहेत, ती तशीच ठेवली. चंपतरावला म्हटलं, माफ कर गड्या. तो म्हणाला, "माय गेली ना आता. दिवाळीत. पन मंजूर झालं हे बरं झालं."

मला ते ठाऊकच नव्हतं. एका खोलीत बसतो आम्ही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

परवा ऑपरेशन झालं. आई पट्टी बांधून पडली आहे आणि सारखी विचारते, भुऱ्या जेवला काय. दवाखान्यात कुत्र्याला सोडत नाहीत, तो फाटकाबाहेर बसून राहतो. आज पहारेकऱ्यानं म्हटलं, साहेब, तुमचा कुत्रा लय शहाणा आहे. आईचा आहे, असं सांगायचं मी विसरलो.

४ मार्च, शनिवार

आईच्या ऑपरेशनचं बिल टाकलं. खरं. माझंच मी तपासू नये म्हणून साहेबांना सांगून ते चंपतरावच्या टेबलावर दिलं. आज परत आलं. लाल शाईत शेरा: 'मोतीबिंदू एका डोळ्याचा की दोन्ही? खुलासा करावा.'

मान वर केली तर चंपतराव खिडकीबाहेर पाहत होता. कान लाल झाले होते. मी सविस्तर खुलासा लिहून दिला, तारखेसह, वाचता येईल अशा सहीनं.

२७ मार्च, सोमवार

आईचा चष्मा आला. भिंगं एवढी जाड की डोळे दुप्पट मोठे दिसतात. दुकानातच घातला. दुकानदार म्हणाला, बघा आजी, काय दिसतं. तिनं आधी माझ्याकडेच पाहिलं. खूप वेळ. मला वाटलं काहीतरी चुकलं, नंबर बरोबर नाही.

"मनोहर, तुये केस कवा पिकले गा?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"अन् मले दिसले नाई," म्हणाली. रिक्षात पुऱ्या रस्त्यानं माझ्या तोंडाकडेच पाहत होती. मी दुसरीकडे पाहत होतो.

घरी आलो. दार उघडल्याबरोबर भुऱ्या तोफेसारखा सुटला आणि तिच्या पायांत शिरला. आई मागे सरली.

"हाड! हाड! कोनाचं हे काळं कुत्रं घरात घुसलं वं प्रेमिला? हाकल त्याले! माया भुऱ्या कुठी हाये?"

प्रेमिला तोंडात पदर धरून भिंतीला टेकली. भुऱ्याला काही कळेना, तो शेपटी हलवत हलवत हळूहळू थांबला आणि खाली बसला.

आई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि खाली बसून दोन्ही हात पुढं केले. त्यानं डोकं आणून तिच्या हातात ठेवलं. तिनं कान चाचपले, डावा कान जरा कापलेला आहे तो अंगठ्यानं पाहिला, गळ्यातली सुतळी पाहिली.

"हाच हाये," म्हणाली. मग डोळे उघडून मला ओरडली, "इतका काळा! अन् कोनी मले सांगतलं नाई?"

"पहिल्याच दिवशी सांगतलं होतं आई."

"तू तं सगळ्यालेच खोटं म्हनत व्हता. तुयं काय आयकाव?"

२८ मार्च, मंगळवार

आज पहाटे आई चष्मा लावून देवळात निघाली. सुतळी होतीच हातात. म्हटलं, आता दिसतं ना, मग सुतळी कशाला? म्हणाली, "त्याले वाटन, मायं काम गेलं." कोपऱ्यावरच्या नालीपाशी भुऱ्या थांबला. आईला नाली चांगली दिसत होती. तीही थांबली, तो पलीकडे जाईपर्यंत.

मी दोघांच्या मागून चाललो होतो.